खोल्या बांधायच्या आधी: मच्छे-मजगावच्या माझ्या भावंडांना खुले पत्र

बेळगावच्या मच्छे, पिरनवाडी, मजगाव, अनगोळ आणि येळ्ळूर भागात कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या बांधायच्या विचारात असलेल्या सर्व बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

मी अनगोळात चौथ्या रेल्वे गेटजवळ राहते. सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत कर्जखात्याच्या टेबलावर काम केलं आणि आता निवृत्त आहे. 2017 साली घरावर मजला चढवून चार खोल्या काढल्या आणि त्या इंजिनिअरिंगच्या पोरांना देते. म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या बाजूला मी बसलेली आहे आणि फेडणाऱ्याच्याही. दोन्हीकडून जे दिसलं ते तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

कारण घडलं ते असं. गेल्या महिन्यात येळ्ळूरचं एक जोडपं माझ्याकडे आलं. नात्यातलंच आहे. हलगा-मच्छे बायपास रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे हातात आलेत, मजगावकडे तीन गुंठे जागा बघितली आहे, वर वीस लाख कर्ज काढून सहा खोल्या बांधायच्या, असा बेत. खताच्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर पेनानं हिशोब मांडून आणला होता: सहा खोल्या, प्रत्येकीत दोन पोरं, डोकी 2,500 रुपये, महिन्याला 30,000, गुणिले 12, वर्षाला 3,60,000. खाली दोन रेघा मारलेल्या. दादा म्हणाले, "भातात काय राहिलंय ओ ताई? एक वर्ष पाऊस जास्त, एक वर्ष कमी. पोरं तर दरवर्षी येणारच की."

त्या कागदावर एकच आकडा चुकलेला होता, तो म्हणजे 12.

कॉलेजजवळची खोली बारा महिने भाडं देत नाही. परीक्षा संपली की पोरगं गादी गुंडाळून गावाला जातं, आणि पुढची टर्म सुरू व्हायला कधी महिना लागतो, कधी दोन. त्या दिवसांचं भाडं मागितलं तर ते सरळ खोली सोडतं आणि टर्म लागल्यावर पलीकडच्या गल्लीत जाऊन राहतं. शेवटच्या वर्षाची पोरं तर इंटर्नशिपला बेंगळूर नाही तर पुण्याला जातात, त्यांची अर्धी टर्म हातातून जाते. माझ्या नऊ वर्षांच्या वहीत एकाही खोलीचं सलग बारा महिने भाडं आलेलं नाही. आपल्या कर्नाटक सरकारनंसुद्धा हे ओळखलंय. मागासवर्गीय मुलांना जेवणाखाण्यासाठी आणि राहण्यासाठी विद्यासिरी योजनेतून दरमहा पैसे मिळतात, ते वर्षाला दहाच महिन्यांचे.

म्हणून मी त्याच बिलाच्या पाठीवर दुसरा हिशोब मांडला. वीस लाख कर्ज, 9 टक्के व्याज, 15 वर्षं मुदत धरली की महिन्याचा हप्ता साधारण 20,285 होतो. म्हणजे वर्षाला 2,43,420, आणि हप्त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते. दहा महिन्यांचं भाडं 3,00,000. उरले 56,580. त्यातून घरपट्टी, मोटारीची दुरुस्ती, संडासाची टाकी उपसणं, दर दोन वर्षांनी रंग, जिन्यातली लाइट, तुटलेल्या कड्या. पन्नास हजार तरी धरा. राहिले 6,580. आणि बारापैकी दोन कॉट वर्षभर रिकाम्या राहिल्या, ज्या राहतातच, तर अजून 50,000 गेले. म्हणजे वर्षाला 43,420 रुपये घरातून घालायचे.

वहिनी इतका वेळ गप्प बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घालायचे कुठनं?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, कारण मी ते एकदा दिलेलं आहे. ते सांगायला मला अजून जड जातं.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्याकडे आठ पोरं होती. दोन दिवसांत सगळी गेली. चंदगड तालुक्यातलं एक पोरगं घाईत सामान टाकून गेलं: पत्र्याची ट्रंक, ड्रॉइंगचा बोर्ड आणि दोरीवर वाळत घातलेली पँट. एप्रिल, मे, जून खोल्या बंद. माझे यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत होते, तिथलंही काम थांबलेलं. हप्ते पुढे ढकलायची सवलत होती खरी, पण व्याज चढत होतं आणि ते कसं चढतं हे मला चांगलंच माहीत होतं. जुलै संपता संपता त्या पोराचे वडील सामान न्यायला आले. शिनोळीच्या नाक्यावर पास दाखवून, मोटारसायकलवरनं. येताना तांदळाची पिशवी आणि थोडे काजू आणलेले. ट्रंक खाली आणली, पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, डिपॉझिटचं तेवढं बघा."

डिपॉझिट होतं 10,000. मी तीन महिन्यांचं भाडं कापून घेतलं, 7,500. ज्या खोलीत कुणी राहिलं नव्हतं, तिचं. पाचशेच्या पाच नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मोजल्या नाहीत. घडी घालून टोपीत ठेवल्या, ट्रंक मागच्या सीटला दोरीनं बांधली आणि "येतो" म्हणून गेले. तांदळाची पिशवी आमच्या पायरीवरच होती.

मी वाईट बाई नाही, निदान मला तसं वाटत नाही. पण माझा हिशोब बारा महिन्यांचा होता, त्यात एकही महिना सैल नव्हता, आणि ताण आला तेव्हा तो मी माझ्याहून गरीब माणसावर ढकलला. हप्ता डोक्यावर असला की माणूस असाच वागतो. गळक्या नळाची तक्रार आली की "बघू" म्हणतो, दोघांच्या खोलीत तिसरी कॉट सरकवतो, टर्म संपली की भिंतीवरच्या खिळ्याचे सुद्धा पैसे लावतो. त्या पोराचा जुना नंबर पुढं लागला नाही. ते 7,500 माझ्या वहीच्या पहिल्या पानावर देणं म्हणून लिहिलेले आहेत.

डिपॉझिटबद्दल अजून एक गोष्ट, जी बांधणाऱ्याला कुणी सांगत नाही. बारा पोरांचे दहा-दहा हजार म्हणजे 1,20,000 रुपये एकदम हातात येतात. त्या वेळी बांधकाम संपत आलेलं असतं, गवंड्याचं, फरशीवाल्याचं देणं राहिलेलं असतं, आणि ते पैसे तिकडे जातात. मग चार वर्षांनी पोरगं पास होऊन निघतं तेव्हा त्याचं डिपॉझिट द्यायला नव्या पोराचं डिपॉझिट यावं लागतं. नवं आलं नाही की जुन्याला "पुढच्या आठवड्यात ये" सुरू. पतसंस्थेच्या टेबलावर बसून हा घोळ मी किती घरांत बघितला याची गणती नाही. केंद्र सरकारनं 2021 साली भाड्याचा आदर्श कायदा म्हणून जो मसुदा राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये असं आहे. मी आता दोनच महिन्यांचं घेते आणि ते वेगळ्या खात्यात ठेवते. त्या खात्याचं पासबुक देवघराच्या फडताळात आहे, घरखर्चाला ते उघडायचं नाही असं ठरलेलं आहे.

आता जागेकडे येते. "कॉलेजजवळ" हा शब्द ऐकून आपण भुलतो. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ 1998 साली झालं आणि त्याचं मुख्य ठिकाण आपल्या मच्छेला आलं, तेव्हा खानापूर रोडला जमिनी बघणाऱ्यांची रीघ लागली होती. राज्यभरची इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला जोडलेली, नाव केवढं मोठं! पण जोडलेल्या कॉलेजांतली पोरं आपापल्या गावच्या कॉलेजात शिकतात, मच्छेला येत नाहीत. ज्ञानसंगमच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मच्छेतल्या आवारात प्रत्यक्ष वर्गात बसणारी पोरं त्या मानानं थोडी. विद्यापीठाची पाटी बघून खोल्या बांधायच्या नसतात. सकाळी साडेआठला त्या गेटातून किती पोरं चालत आत जातात, किती बसमधून उतरतात आणि किती गाडीवरनं येतात, ते उभं राहून मोजायचं असतं. चालत येणारी तीच तुमची गिऱ्हाइकं. उद्यमबागेला गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज 1979 पासून आहे. आमच्या अनगोळ-मजगाव बाजूच्या खोल्या चालतात त्या तिथं पायी जाता येतं म्हणून, आणि त्यातही दहा मिनिटांच्या आतली खोली आधी भरते.

कॉलेज जागेवरून हलतही असतं. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली भूतरामनहट्टीला सुरू झालं आणि पुढं नव्या परिसरासाठी जागा ठरली ती हिरेबागेवाडीला. पंधरा वर्षांच्या कर्जावर खोल्या बांधायच्या तर पंधरा वर्षं ते कॉलेज तिथंच आणि तेवढंच राहील का, हे विचारायला हवं. ते स्वतःचं वसतिगृह बांधणार आहे का, कुठली शाखा बंद पडत आली आहे का, हेही. कॉलेजातल्या शिपायाला, कँटीनवाल्याला हे आधी कळतं. त्यांच्याशी दोन घटका बोला.

मुलींसाठी खोल्या काढू म्हणणाऱ्यांना खास सांगते. मुली खोली नीट ठेवतात, आई-वडील भाडं वेळेवर देतात, सगळं खरं. पण 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायका-मुलींना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. माझ्या शेजारणीकडे खानापूर भागातल्या दोन मुली होत्या, त्यांनी त्याच वर्षी खोली सोडली. पहाटे उठून बसनं येतात, संध्याकाळी घरी जेवायला जातात. त्यांच्या घरचा महिन्याला पाच हजार खर्च वाचला, आणि मला त्याचं बरंच वाटलं. मात्र खानापूर, बैलहोंगल बाजूच्या मुली भरवशावर धरू नका. महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या मुलींना ही सवलत नाही, त्या राहायला येतील. तेव्हा आपल्या कॉलेजात कुठल्या बाजूच्या पोरी जास्त आहेत, तेही बघायला लागतं.

गृहज्योती योजनेचंही तसंच. जास्तीत जास्त 200 युनिटपर्यंत वीजबिल माफ आणि भाडेकरूलाही ते मिळतं हे ऐकून लोक खूश होतात. पण ते मीटरवर, म्हणजे आरआर नंबरवर असतं. सहा खोल्यांना एकच मीटर ठेवलात की बारा पोरांचे पंखे, लॅपटॉप, पाणी तापवायच्या कॉइल मिळून 200 च्या वर जाणार, आणि वर गेलं की सगळं बिल भरायचं. बांधतानाच वेगळे मीटर घ्यायचे की नाही हे ठरवा, नंतर वायरिंग फोडायला दुप्पट खर्च येतो. जीएसटीचं कुणी घाबरवलं तर घाबरू नका. सलग किमान 90 दिवस राहणाऱ्याला माणशी महिना 20,000 पर्यंतच्या भाड्यावर 2024 पासून तो लागत नाही, आणि आपल्या खोल्या त्याच्या आसपासही जात नाहीत. प्राप्तिकरातही भाड्यातून घरपट्टी वजा करून जे राहतं त्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते.

कागदाबद्दल मला जरा जोर देऊन सांगू द्या. आपल्या भागात शेतातले तुकडे पाडून बाँडपेपरवर लिहून विकायची जुनी सवय आहे. "एनए होणारच आहे, काही काळजी करू नका" असं म्हणणारा माणूस जागा विकून मोकळा होतो आणि काळजी तुमच्या गळ्यात राहते. शेतजमीन बिगरशेती झालेली नसेल, लेआउटला मंजुरी नसेल, तर त्यावरच्या घराला नीट खाता, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा कागद, मिळत नाही. खाता नाही तर बँक दारात उभं करत नाही, आणि मग माणूस खाजगी सावकाराकडे नाही तर चढ्या व्याजाच्या सोसायटीकडे वळतो. वर 9 टक्क्यांचा जो हिशोब मांडला, तो 14 टक्क्यांनी मांडून बघा. हप्ता 26,600 च्या वर जातो. तिथं दहा महिन्यांचं भाडं वर्षाच्या हप्त्यालाच पुरत नाही, रंग आणि मोटार दूरच.

कागद कन्नडमध्ये असतो. आपली पोरं शाळेत कन्नड शिकली आहेत, त्यांना वाचता येतं. पण माझ्या वयाची माणसं सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात एजंटानं बोट ठेवलं तिथं सही करतात. कृपा करून तसं करू नका. घरातल्या शिकत्या पोराला नाही तर सुनेला शेजारी बसवा, प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घ्या, चतुःसीमा जागेवर जाऊन ताडून बघा. वडिलार्जित जमीन असेल तर बहिणींना आधी विचारा, सही आणायला शेवटच्या दिवशी जाऊ नका. 2005 च्या कायद्यानं त्यांचा हिस्सा भावांच्या बरोबरीचा आहे.

जागा उन्हाळ्यात बघू नका, एवढं माझं ऐकाच. जुलैत जा. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाला फुगला की पाणी कुठवर येतं हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे, पण प्लॉट विकणारा मार्चमध्ये कोरडं शेत दाखवतो. काळ्या मातीत भर टाकून बांधलेली घरं मी बघितली आहेत. पहिल्या पावसाळ्यात खालच्या फुटभर भिंतीला ओल येते, दुसऱ्या वर्षी दारं लागत नाहीत. 2019 च्या ऑगस्टात आमच्या ओळखीच्या एकांच्या खालच्या तीनही खोल्या पाण्यात होत्या. पोरांची पुस्तकं भिजली, आणि पुढच्या टर्मला त्या खोल्यांकडे कुणी फिरकलं नाही. पोरं एकमेकांना सांगतात, "तिथं नको जाऊ गा, पाणी शिरतंय."

खोली कशी असावी यावर लोक फरशी आणि रंगाचं बोलतात. माझ्या अनुभवात पोरगं खोली बघायला आलं की वर छताकडे बघतं, मग नळ सोडून बघतं, मग विचारतं, "काकू, कपडे कुठं वाळवायचे?" बेळगावच्या पावसात हा प्रश्न फार मोठा आहे. जून ते सप्टेंबर कपडा सुकत नाही, ओल्या पँटीचा वास खोलीत भरतो, पोरं सर्दीनं आजारी पडतात. मी मागच्या बाजूला पत्रा टाकून आठ दोऱ्या बांधल्या. खर्च झाला अकरा हजार. चार खोल्यांत मिळून त्याहून जास्त उपयोगाचा पैसा मी दुसरीकडे घातलेला नाही. पाण्याचंही लक्षात ठेवा. बारा पोरं सकाळी सात ते साडेआठ एकदमच आंघोळ करणार. राकसकोप धरणाचं पाणी तुमच्या गल्लीत किती दिवसांनी येतं, विहीर किंवा बोअर आहे का, टाकी किती हजार लिटरची, हे आधी. टँकर मागवायला लागले की भाड्यातलं काही उरत नाही.

तुम्ही विचाराल, मग बांधूच नको म्हणता काय? तसं मी म्हणत नाही. माझ्या चार खोल्यांनी धाकटीचं शिक्षण झालं, आमच्या ह्यांच्या आजारपणात हात पसरावा लागला नाही. पण आमच्याकडे जागा होती, खालचं घर उभं होतं, नुसता मजला चढवायचा होता. तरीसुद्धा 2020 नं आम्हाला गुडघ्यावर आणलं. तुम्ही जागाही विकत घेणार, बांधकामही कर्जानं करणार आणि त्यासाठी मागं राहिलेलं शेत तारण ठेवणार असाल, तर एक वर्ष खोल्या रिकाम्या राहिल्या म्हणून ते शेत जाईल. येळ्ळूरच्या बासमतीचा वास ज्या शिवाराला येतो ते शिवार, ज्याच्यासाठी आपली माणसं बायपासाविरुद्ध इतकी वर्षं रस्त्यावर बसली आणि कोर्टाच्या पायऱ्या चढली. बायपासाला दिलं नसतं ते, आणि हप्त्याला द्यायचं?

येळ्ळूरच्या त्या जोडप्याला मी सहाच्या जागी दोन खोल्या सुचवल्या. गावातल्याच घराच्या मागच्या परड्यात, कर्ज पाच लाखांच्या आत, आणि कॉलेजची पोरं नाही आली तर उद्यमबागेतल्या कामगाराला नाही तर एखाद्या नव्या जोडप्याला देता येईल अशा: वेगळं स्वयंपाकघर, वेगळा संडास, वेगळा मीटर. दादांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं सहा खोल्यांचं दोन मजली घर उभं राहिलेलं होतं, वरती पाटी सुद्धा. वहिनींनी मात्र तो बिलाचा कागद मागून घेतला, दोन्ही हिशोबांची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. जाताना म्हणाल्या, पावसाळ्यात मजगावची जागा बघायला मलाही घेऊन जाणार आहेत.

मी जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला आपला हिशोब तपासून बघायचा असेल, कागद वाचून घ्यायचा असेल, तर रविवारी दुपारी मी घरीच असते. येताना वीजबिल, उतारा आणि कर्जाचा अर्ज आणा. अर्जावर सही करायच्या आधी या.

तुमची,
अनगोळची एक घरमालकीण